हरिजागराची सोबत

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका घरी आली की आपण कीर्तनकार महाराजांची नावे वाचतो, काल्याचा दिवस पाहतो आणि ती बाजूला ठेवतो. एकदा ती शेवटपर्यंत वाचून पाहावी. वर महाराजांचे फोटो असतात, मग अन्नदात्यांची यादी, मग नित्याचा कार्यक्रम. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि सर्वांत खाली, बहुधा बारीक अक्षरात, दोन शब्द असतात: नंतर हरिजागर. या ओळीला फोटो नाही, बिदागी नाही. रात्री अकरापासून काकड्यापर्यंत मंदिरात कोण होते, हे पुष्कळदा गावालाही ठाऊक नसते.

त्या चार-पाच तासांचा इतिहास सातशे वर्षांहून जुना आहे. आज तो आठवायचे कारण असे की, आमच्या भागात झोप न येणारी माणसे फार वाढली आहेत.

कुरुळी हे खेड तालुक्यातले गाव. देहू, आळंदी आणि चाकण या तिन्हींच्या मधल्या पट्ट्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर. एका अंगाला तुकोबाराय, एका अंगाला माउली, आणि वर चाकणला तुकोबारायांचे टाळकरी आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज. इतकी शेजारसंपत्ती फार थोड्या गावांच्या वाट्याला आली असेल. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याच पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली. आता रात्री इथे अंधार होत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरी पैसा आला, वाटण्या झाल्या, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले तीन पाळ्यांत काम करतात. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रात्रपाळी. शरीराला रात्र कोणती हेच कळेनासे होते. जमीन विकलेला म्हातारा आणि त्याच्याच चाळीतल्या खोलीत भाड्याने राहणारा कामगार, दोघेही रात्री दोन वाजता आढ्याकडे पाहत पडलेले असतात. मध्ये एक भिंत असते, आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करावी. झोप न लागणे हा आजार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरकडे जावे. भजन हे झोपेचे औषध म्हणून कोणत्याही संतांनी सांगितलेले नाही. उलट कीर्तनात डुलक्या घेणाऱ्यांची संतांनी चांगलीच थट्टा केली आहे. इथे विषय वेगळा आहे. जी रात्र जागूनच काढायची आहे, ती आपल्या संप्रदायाने माणसाला एकट्याने काढायला कशी लावली नाही, हा.

एकादशीचे जागरण वारकऱ्यांनी शोधून काढलेले नाही. पुराणांत ते आहे. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्रिपंडित यांनी तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या व्रतखंडात वर्षभराची शेकडो व्रते एकत्र केली आहेत, आणि एकादशीच्या उपवासाबरोबर रात्रीचे जागरणही तिथे आहेच. पण ते व्रत म्हणून. व्रताला कर्ता लागतो, संकल्प लागतो, फळ लागते. जागणारा स्वतःच्या पुण्यासाठी जागतो. शेजारचा झोपला तरी त्याचे काही अडत नाही.

त्याच काळात, त्याच रामदेवरायाच्या राज्यात, ज्ञानोबाराय आणि नामदेवराय यांनी या जागरणाला दुसरे वळण दिले. व्रताचा संकल्प मागे पडला आणि टाळ पुढे आला. टाळ एकट्याने वाजवता येतो, पण त्याला रंग चढतो तो समोरच्या टाळकऱ्याने दाद दिल्यावर. एकाने चरण म्हणायचे, दुसऱ्या बाजूने ते उचलायचे, अशी आपल्या भजनाची रचनाच मुळी दोन रांगांची आहे. एक रांग झोपली की भजन थांबते. मला वाटते, हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. जागरण संस्कृतातून मराठीत आले एवढेच घडले नाही. ते एकवचनातून अनेकवचनात आले.

आळंदीतल्या ज्या जागराची आठवण आपण दरवर्षी काढतो, तो तर शोकाचा जागर होता. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य पक्ष. परंपरेने सांगितलेला क्रम सर्वांना पाठ आहे: एकादशीला हरिजागर, द्वादशीला पारणे, त्रयोदशीला संजीवन समाधी. आपण हा क्रम सोहळा म्हणून ऐकतो, आणि तो सोहळा आहेच. पण क्षणभर निवृत्तिनाथांच्या बाजूने ती एकादशीची रात्र पाहावी. धाकटा भाऊ, जो शिष्यही आहे, एकवीस वर्षांचा, परवा विवरात उतरणार आहे. हे ठाऊक असताना थोरल्या भावाने ती रात्र कशी काढली असेल? पुढच्या आठ महिन्यांत परंपरेनुसार सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई गेल्या, आणि मग त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ स्वतः. जिथून हे सगळे सुरू झाले, त्या पहिल्या रात्री त्यांच्याभोवती नामदेवराय आणि इतर संतमंडळी टाळ घेऊन उभी होती. ज्ञानोबारायांना त्या रात्री कुणाच्या सोबतीची गरज होती असे म्हणवत नाही. गरज मागे राहणाऱ्यांना होती.

म्हणूनच आपल्या गावांत रात्री कुणी गेले आणि पाहुणे येईपर्यंत सकाळची वाट पाहायची असेल, तर कुणी न सांगता भजनी मंडळ त्या दारात येऊन बसते. पेटी आणि पखवाज येतात, कोपऱ्यात चूल पेटते, चहा फिरतो. घरातल्या बायका आत असतात, बाप ओटीवर गुडघ्यांत मान घालून बसलेला असतो. कुणीही त्याचे सांत्वन करत नाही. फक्त पहाटेपर्यंत आवाज बंद पडू देत नाहीत. हा एकादशीचा जागर नव्हे, याला तिथी नाही. पण आळंदीच्या त्या रात्रीशी त्याचे नाते आहे असे मी समजतो. (खंडोबाचे जागरण-गोंधळ वेगळे. निमगावच्या खंडोबाला मानणारी आमच्याकडची घरे लग्नानंतर वाघ्या-मुरळी बोलावून जागरण घालतात, तेही रात्रभर चालते. पण ते कुळाचाराचे आणि नवसाचे.)

आता पंढरीकडे जाऊ. तिथली गंमत अशी की आषाढ शुद्ध एकादशीला शास्त्राने शयनी म्हटले आहे. या दिवशी विष्णू चार महिने झोपी जातात. आणि नेमक्या याच वारीसाठी पंढरपुरात काय करतात? देवाचा पलंग काढतात. यात्रा जवळ आली की दिवस पाहून शेजघरातला पलंग हलवला जातो, नित्याचे राजोपचार थांबतात, शेजारती बंद होते आणि देव चोवीस तास दर्शनाला उभा राहतो. थकू नये म्हणून विठुरायाच्या पाठीशी लोड आणि रखुमाईच्या पाठीशी तक्क्या देतात. कार्तिकीलाही असेच. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते: गरम पाण्याने स्नान, पायांना लिंबू-साखर चोळणे, आणि रात्री शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य. मग पलंग परत येतो.

पंचांगाप्रमाणे देवाने झोपायचे ते दिवस, आणि पंढरीच्या रिवाजाप्रमाणे देवाने जागायचे ते दिवस, असे एकत्र आले आहेत. कुणी याला विसंगती म्हणेल. वारकऱ्याला ती कधी खटकली नाही. रांगेत वीस-वीस तास उभा राहणारा माणूस रात्री तीन वाजता पुढे सरकतो आणि पाहतो, तर समोरचाही उभाच आहे. त्यालाही झोपू दिलेले नाही. मंदिराचे शिष्टाचार कुणी, कधी, का ठरवले याचा शोध अभ्यासकांनी घ्यावा. पण हा एक रिवाज ज्याने घातला, त्याला रात्र जागणाऱ्या माणसाचे मन कळले होते.

जनाबाईची कथाही याच घरातली. जाते पहाटेच्या अंधारात सुरू व्हायचे. दळणाला खुंटा धरायला दोघी असल्या म्हणजे ते हलके जाते. नामदेवांच्या घरची दासी मात्र एकटी. म्हणून विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावतो. तो तिला मुक्ती द्यायला आलेला नाही, दळू लागायला आला आहे. पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातल्या बायकांनी तोच वेळ स्वतःचा केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्याच्या आसपासच्या आणि पुढे दूरच्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरी आणि आळंदी जागोजागी आहे, आणि तितकीच आहे ती माहेरची आठवण, सासरचा जाच, मेलेले मूल. दिवसा जे कुणाला सांगता येत नव्हते, ते पहाटे समोरच्या बाईला जात्याच्या आवाजात सांगता येत होते. पिठाची गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, ते बरेच झाले. ती वेळही गेली. तिच्या जागी बायकांसाठी दुसरे काही आले नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. सप्ताहाच्या रात्रीच्या यादीतही त्यांची नावे क्वचितच असतात.

आळंदीला महाद्वाराच्या पायरीवर आपण डोके टेकतो, ती हैबतबाबांची. साताऱ्याकडच्या आरफळचे हे हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. गावाकडे येताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून कोंडले आणि हरिपाठाच्या आवर्तनांनी एकविसाव्या दिवशी सुटका झाली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर ते घरी न जाता आळंदीस राहिले. परंपरा सांगते की, शेजारती झाली की बाबा समाधीसमोर उभे राहत आणि काकड आरतीपर्यंत एकटे भजन करीत. हे एका रात्रीचे नव्हते, नित्याचे होते. एकवीस दिवस मरणाच्या छायेत काढलेल्या माणसाला पुढे रात्री झोप कशी लागत असेल, असा विचार हा भाग वाचताना माझ्या मनात नेहमी येतो. परंपरा त्याविषयी काही सांगत नाही.

सांगण्यासारखे पुढचे आहे. एकट्याने रात्री काढणाऱ्या या माणसाने १८३२ च्या सुमारास माउलींचा पालखी सोहळा आज दिसतो त्या स्वरूपात उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, वासकरांसारखी फडकरी मंडळी आली. सोहळ्याला शिस्त आली ती लष्करी वळणाची: पुढे अश्व, चोपदार, दिंड्यांचे क्रमांक, तळ, नगारा. त्या शिस्तीत रात्रही आली. मुक्कामी कीर्तनानंतर तंबूत जागर होतो आणि त्याची सेवा कोणाकडे, हे ठरलेले असते. चालून पाय सुजलेले असतात, सगळा तळ घोरत असतो, आणि पालखीपाशी टाळ चालू असतो. बाबा शिपाई होते. पहाऱ्यावर एकटा माणूस ठेवायचा नाही, आणि पाळी बदलल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

पहारा हा शब्द आमच्या भागाला तसाही नवा नाही. १६६० च्या पावसाळ्यात चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेसमोर जवळजवळ दोन महिने लढवला. त्या मूठभर माणसांनी किती रात्री डोळे मिटले असतील? गावोगावी पूर्वी जागल्या असे, तोही रात्रीचाच चाकर. प्रहर म्हणजे तीन तास, त्यावरून पहारा. सप्ताहात विण्याचा पहारा असतो तो बहुधा दोन तासांचा, कुठे एकच तासाचा. नाव तेवढे जुने राहिले आहे.

अखंड हरिनाम सप्ताहाला मोठे रूप दिले ते गोदावरीकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी, एकोणिसाव्या शतकात. पुढे जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तिथून तयार झालेल्या कीर्तनकारांबरोबर सप्ताहाची घडी गावोगाव गेली. त्या घडीतला सर्वांत कठीण नियम एकच: सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही आणि नाम थांबवायचे नाही. कीर्तनकार बदलतात, पंगती उठतात, मंडपाचे दिवे मालवतात. वीणा कुणाच्या तरी गळ्यात असतेच. दिवसाच्या पहाऱ्यांना नावे पटापट लागतात. बारा ते दोन आणि दोन ते चार या दोन चौकटी भरताना मात्र सप्ताह समितीची परीक्षा असते.

आणि या दोन चौकटी आजवर भरत आल्या त्या झोप न येणाऱ्या माणसांनी. दम्याचा म्हातारा, ज्याला आडवे झाले की धाप लागते. बायको गेल्यापासून घरात करमत नसलेला. ज्याचा मुलगा वाटेल तसे वागतो तो. गावाला हे माहीत असते आणि कुणी बोलून दाखवत नाही. त्यांचे नाव दोन ते चारला लिहितात, एवढेच. घरी तो माणूस तक्रारीचा विषय असतो. मंदिरात त्याच जागेपणाला काम मिळते. अशा वेळी एक गमतीची गोष्ट हमखास घडते. महिनोन् महिने डोळा न लागलेला गृहस्थ आपला पहारा संपवून खांबाला टेकतो, समोर टाळ चालू असतो, आणि पाचव्या मिनिटाला तो गाढ झोपलेला असतो. त्याला उठवू नये. संतांनी टीका केली ती कीर्तन ऐकायला येऊन झोपणाऱ्यांवर. हा ऐकायला आलेला नव्हता, राखायला आला होता, आणि राखून झाले होते.

जगात इतरत्रही माणसांनी रात्र अशी वाटून घेतली आहे. रॉजर ईकर्च या अमेरिकी इतिहासकाराने २००५ साली रात्रीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. कारखाने येण्यापूर्वीच्या युरोपात लोक दोन टप्प्यांत झोपत आणि मधल्या जागेपणात प्रार्थना करीत, बोलत बसत, कधी शेजारी जाऊन येत, असे त्याने जुन्या कागदपत्रांवरून मांडले. मध्यरात्री जाग येणे हा तिथे रोग समजला जात नव्हता. पंजाबात, जिथे नामदेवरायांची वाणी गुरुग्रंथसाहिबात आदराने ठेवली आहे, रैणसबाई म्हणून रात्रभर कीर्तन होते. आणि झोप घालवायला आज सगळे जग पिते ती कॉफी पंधराव्या शतकात येमेनच्या सूफी साधकांनी रात्रीच्या नामस्मरणासाठी प्यायला सुरुवात केली. आपला सप्ताहातला रात्री एकचा चहा त्या मानाने फार अलीकडचा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. पहिली, भोंगा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी झाली. काही ठिकाणी यावर नाराजी आहे. माझे मत विचाराल तर हे जागराच्या पथ्यावरच पडले. ज्ञानोबारायांपासून गेल्या शतकापर्यंत जागर भोंग्याशिवायच होत होता. कर्णा आला तेव्हा मंदिरात चार माणसे असली तरी चारशेंचा आवाज होऊ लागला, आणि घरी बसून ऐकता येते म्हणून ती चारही येईनाशी झाली. शिवाय आमच्याकडे तिसऱ्या पाळीहून आलेली पोरे दिवसा झोपतात. त्यांच्या खिडकीशी भोंगा लावून नामाची गोडी कशी लागणार?

दुसरी गोष्ट काळजीची आहे. रात्रीची यादी कागदावर भरते, पण दोन वाजता मंदिरात पाहावे तर विणेकरी एकटा असतो. वीणा गळ्यात, एका हातात मोबाइल. कुठे कुठे तर रात्रीच्या पहाऱ्याला पैसे देऊन माणूस आणतात. नियम पाळला जातो, वीणा टेकत नाही. पण समोरची रांग नाही. एकट्याने उभ्या असलेल्या विणेकऱ्याची रात्र आणि खोलीत आढ्याकडे पाहणाऱ्याची रात्र यांत मग फरक फार थोडा उरतो.

आमच्या पट्ट्यात मात्र एक गोष्ट दिसू लागली आहे. दुसरी पाळी रात्री साडेअकराच्या सुमारास सुटते. त्या पाळीचा कामगार खोलीवर येतो, डबा खातो, आणि दोन वाजेपर्यंत त्याला झोप येणे शक्य नसते. यांतली पुष्कळ पोरे परभणी-बीडकडच्या वारकरी घरांतली. गावी आजोबांच्या मांडीवर टाळ धरायला शिकलेली. सप्ताहाच्या दिवसांत त्यांतला एखादा मंडपाशी थबकतो, चप्पल काढतो, मागे बसतो. पहिल्या दिवशी नुसता बसतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारते, "माउली, कुठले तुम्ही?" तिसऱ्या दिवशी बारा ते दोनच्या चौकटीत त्याचे नाव लागलेले असते, आणि दोन ते चारला त्या जागेचे जुने मालक, ज्यांच्या शेतावर त्याचा कारखाना आहे.

दोन वाजता पहारा बदलतो. नाम चालूच असते. म्हातारबाबा समोर येऊन विण्याला हात लावतात, पोरगा वाकतो, बाबाही वाकतात. एका गळ्यातला पट्टा दुसऱ्या गळ्यात जातो, आणि तेवढ्यापुरते दोघेही एकच वीणा धरून उभे असतात. मग पोरगा एकदा घड्याळ पाहतो, चपलांकडे पाहतो, आणि खांबाशी ठेवलेला टाळ उचलतो.